माडीची जमीन

कोकणातल्या जुन्या घराच्या माडीवर सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या, एकाच रंगाच्या दिसल्या की मी समजतो, ही जमीन अलीकडे बदललेली आहे. जुनी जमीन तशी राहूच शकत नाही. कुठल्या तरी आषाढात कौल सरकतं, पाणी एकाच जागी ठिबकत राहतं आणि गणपतीच्या आधी घर झाडताना लक्षात येतं की फळी मऊ पडली आहे. मग त्या वर्षी घरात जे लाकूड असेल त्याची फळी तिथे बसते. मुलाच्या अमदानीत दुसरी, नातवाच्या अमदानीत तिसरी. शंभरएक वर्षांत सागाच्या शेजारी फणस येतो, फणसाच्या शेजारी आंबा, आणि हल्ली मध्येच प्लायवुडचा एखादा चौकोन. रुंदी वेगळी, जाडी वेगळी, रंग वेगळा. चालताना अंगठा अडतो, खाट डुगडुगते, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, हे सगळं एकदा काढूनच टाकू.

माझं काम बहुतेक वेळा या वाक्यानंतर सुरू होतं. मी सुतार, वडीलही सुतार. पोटासाठी नवं फर्निचरही करतो, पण जीव रमतो तो जुन्या घरांत. त्यातही माडीच्या जमिनीत, कारण घरातल्या बाकी लाकडावर माणसाचा हात पडतो, जमिनीवर त्याचा सगळा भार पडतो.

देशावरच्या वाड्यांत हा प्रश्न निराळा असतो. तिथे कडीपाट असतो. कड्यांवर फळ्या अंथरतात, त्यावर मातीचा जाड थर देऊन जमीन करतात. फळी खालून दिसते, पायाला लागत नाही. आमच्याकडच्या माड्यांत बहुतेक ठिकाणी माणूस थेट फळीवर चालतो. त्यामुळे फळीचं फुगणं, वाकणं, उचलणं सगळं पायाला कळतं, आणि दोन फळ्यांमधली फट रुंदावली की वरची धूळ खाली माजघरातल्या ताटात पडते.

राजापूर तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो, कारण तिथे हा सगळा मामला एकाच खोलीत बघायला मिळाला. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटी, आत माजघर, वर माडी. घरात काकू एकट्या. मुलगा मुंबईला. त्याला सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांना माडी भाड्याने द्यायची होती, आणि त्यासाठी जमीन गुळगुळीत हवी होती. फोनवर तो म्हणाला, "मिस्त्री, वरून प्लाय मारून घ्या. त्यावर व्हिनाइल टाकू. भानगड नको."

काकू शेजारीच उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "तू आधी बघ तरी काय आहे ते. मग त्याला मी सांगते काय सांगायचं ते."

प्लाय मारणं सोपं आहे. चार माणसांत दोन दिवसांचं काम, मजुरीही बरी मिळते. पण कोकणात ते लाकडाच्या मुळावर येतं. जुनी फळी दोन्ही बाजूंनी मोकळी असते. पावसाळ्यात ती ओल घेते, दिवाळीनंतर सोडते. वरची बाजू प्लाय आणि व्हिनाइलने बंद केली की खालच्या माजघरातली दमट हवा, चुलीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे या सगळ्याची ओल फळीत शिरते आणि बाहेर पडायची वाट अर्धी होते. वाळवीला अंधार हवा असतो आणि ओल हवी असते. दोन्ही आपणच पुरवतो. शिवाय वर गुळगुळीत व्हिनाइल असल्यामुळे आत काय चाललं आहे ते दिसत नाही. ज्या दिवशी दिसतं त्या दिवशी पाय आत गेलेला असतो.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे वरून मशीन फिरवून सगळं एका पातळीत घासून काढणं. शहरातून आलेले मिस्त्री हे फार करतात. जाडी सगळीकडे सारखी असेल तर ठीक आहे. पण इथे एक फळी इंचाची, शेजारची सव्वा इंचाची, तिसरी दोघींच्या मधली. आमच्याकडे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन सुतांचा उंचसखलपणा वरून घासायचा म्हटलं तर चांगल्या जाड फळीची ताकद जाते, खिळ्यांची डोकी उघडी पडतात, आणि शंभर वर्षं पायांनी चकाकलेला वरचा थर भुश्यात जातो. तो थर कुठलंही पॉलिश परत आणत नाही.

वडिलांची शिकवण अशी की जमिनीचं काम असलं तरी आधी माडीवर चढायचं नाही. माजघरात उभं राहायचं, मान वर करायची आणि बॅटरीच्या उजेडात खालची बाजू बघायची. तिथे कड्या दिसतात, कड्यांची भिंतीत शिरलेली टोकं दिसतात, वाळवीने बांधलेल्या मातीच्या नळ्या दिसतात. पटाशीचं टोक कडीच्या शेवटाला टोचून बघायचं. जांभा ओल धरतो, म्हणून कडी कुजायला सुरुवात होते ती भिंतीतूनच. हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकत गेलं की चांगलं लाकूड ठणठण वाजतं, पोखरलेलं भद्द वाजतं. त्या घरात कड्या ऐनाच्या होत्या, काळपट आणि जड. दोन टोकं कुजलेली निघाली. त्यांना बाजूने नव्या लाकडाचा जोड देऊन बोल्ट आवळले. बाकीच्या कड्यांना काही झालं नव्हतं.

मग फळ्या. प्रत्येक फळीला खडूने नंबर घातला, कडीलाही घातला, आणि कागदावर नकाशा काढला. काढताना पहार घालून उचकटायची नाही. जुन्या घरातले खिळे लोहाराने घडवलेले, चौकोनी अंगाचे असतात. शंभर वर्षांत ते गंजून लाकडात रुतलेले असतात. उचकटलं की फळीची कड ढलपा सुटून येते. मी फळी आणि कडी यांच्या फटीत हॅकसॉचं नुसतं पातं घालतो आणि खिळा आडवा कापतो. हात दुखतात, वेळ जातो, पण फळी सबंध निघते. अशा प्रत्येक खिळ्याभोवती लाकडावर निळसर काळा डाग असतो. लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि ओल यांचा तो परिणाम. तेवढी जागा मऊ झालेली असते, म्हणून ती गिरमिटाने कोरून काढायची आणि त्याच जातीच्या लाकडाचं बूच बसवायचं. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवायच्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ते वर येतं.

फळ्या अंगणात उलट्या मांडल्या तेव्हा घराचा सगळा हिशेब समोर आला. फळीची वरची बाजू फसवते, कारण ती पायांनी आणि पोछ्याने एकसारखी झालेली असते. खालच्या बाजूला कोणी रंधा मारत नाही. तिथे करवतीचे वळ जसेच्या तसे राहतात. दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीने कापलेल्या फळीवर वळ तिरपे आणि कमीजास्त अंतराचे असतात, कारण माणसाचा हात दमतो, थांबतो, कोन बदलतो. गोल पात्याच्या मशीनवर कापलेल्या फळीवर धनुष्यासारखे वळ येतात. बँडसॉवर कापलेल्या फळीवर बारीक, उभे, एका मापाचे. या तीन खुणांवरून फळी साधारण कुठल्या काळातली ते कळतं. कोणाला विचारावं लागत नाही.

मधल्या सागाच्या फळ्या सगळ्या हातकरवतीच्या निघाल्या. गाठ नाही, रेषा सरळ, फूटभर रुंद. त्यांच्या खालच्या अंगाला, कडीवर टेकण्याच्या जागी, पटाशीने मारलेल्या छोट्या चिरा होत्या. एका फळीला एक, पुढच्या फळीला दोन, मग तीन. पाचव्या फळीला चार उभ्या चिरांवर एक आडवी. माजघरात जाऊन बॅटरी मारली तर कडीच्या अंगावरही तशाच चिरा, त्याच क्रमाने. ज्याने ही जमीन पहिल्यांदा घातली त्याने फळ्या खाली अंगणात जुळवून घेतल्या होत्या, क्रम लावला होता आणि मग वर नेल्या होत्या. मी खडूने जे केलं होतं ते त्याने पटाशीने केलं होतं. त्याचं नाव घरात कोणाला माहीत नव्हतं. पण त्याच्या चिरांवरून मला कळलं की मधल्या दोन फळ्यांची नंतर कोणीतरी अदलाबदल केली होती. त्या जागी जमीन बरीच वर्षं करकर वाजत होती. मूळ जागी घातल्यावर त्या बसल्या.

खिडकीकडच्या फळ्या फणसाच्या होत्या, गोल पात्याच्या वळांच्या. तिथे पावसाची झड आत येते, म्हणून मूळचा साग गेला असावा. काकू म्हणाल्या, "परसातला कापा फणस वादळात पडला होता, त्याच्या असतील. सासूबाई सांगायच्या." जिन्याच्या तोंडाशी आंब्याच्या दोन फळ्या, त्यांच्यातून हात लावला की पिठी पडत होती. आंबा स्वस्त मिळतो आणि कापायला हलका, पण त्याला भुंगा लवकर लागतो. त्या दोन्ही चुलीत गेल्या. प्लायवुडचा चौकोन सगळ्यात नवा, आणि सगळ्यात आधी सुटलेला.

सागाच्या त्या फळ्या गलबतातून जैतापूरला उतरल्या आणि तिथून बैलगाडीने आल्या असं त्या घरात सांगतात. मलबारातल्या की ब्रह्मदेशातल्या, हे लाकूड बघून मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या काळच्या सागाची फळी हातात आली की मला रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवतो. लोक तिथे खिडक्यांचं काम बघायला जातात. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली लढाई करून गादीवरून काढलं, पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि 1916 साली तो रत्नागिरीतच वारला. त्या लढाईचं निमित्त सागच होता. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला, असा ठपका ठेवून राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला, आणि इंग्रजांना कारण मिळालं. ज्या लाकडाच्या पायी राज्य गेलं त्याच जातीच्या लाकडावर आपण मुलांना रांगायला सोडतो. म्हणून ते टेम्पोत भरून भंगाराच्या भावाने जाताना बघवत नाही.

आता मुख्य काम, जाड आणि पातळ फळ्या एका पातळीत आणण्याचं. ते खालूनच करायचं. फळी कडीवर जिथे टेकते तेवढीच जागा महत्त्वाची. जाड फळी असेल तर तेवढ्याच पट्ट्यात तिच्या खालच्या अंगाला वाकसाने आणि पटाशीने खाच घ्यायची. जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा खोल जायचं नाही. पातळ फळी असेल तर कडीवर सागाची पट्टी ठेवायची, कडीच्या पूर्ण रुंदीची. पाचर कधीही ठोकायची नाही. पाचर एका कडेला टेकते, चालताना हलते आणि महिन्याभरात करकरायला लागते. प्रत्येक फळी प्रत्येक कडीवर वेगळी मोजावी लागते, कारण जुनी फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असू शकते. म्हणूनच हे काम कोणी घेत नाही. फुटाच्या दराने ते परवडत नाही, आणि मी ते फुटाच्या दराने घेतही नाही.

माझा मदतनीस पाणसळ घेऊन आला. त्याला म्हटलं, ती राहू दे. शंभर वर्षांत कड्या मध्ये थोड्या झुकलेल्या असतात, आणि दरवाजे, उंबरे, भिंतीतली कपाटं सगळी त्या झुकण्याशी जमवून घेऊन बसलेली असतात. पाणसळीत जमीन आणायला गेलं तर भिंतीशी एक इंच चढ येतो आणि दार घासतं. इथे एवढंच बघायचं की शेजारच्या दोन फळ्यांमध्ये पायरी राहता कामा नये. सरळ पट्टी आडवी धरून उजेड बघितला की कळतं. अर्ध्या सुताच्या आत आलं की पुरे.

पण पट्टीपेक्षा काकूंचा पाय जास्त अचूक निघाला. त्या अनवाणी यायच्या, सांध्यावरून तळवा हळूच सरकवायच्या आणि म्हणायच्या, "इथे लागतंय." मी पट्टी लावून बघायचो तर खरंच केसभर उंच असायचं. त्या खोलीत त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून चालत होत्या. शेवटी मी पट्टी बाजूला ठेवली आणि त्यांनाच प्रत्येक सांधा पास करायला सांगितलं. दोन ठिकाणी मला फळी परत उचलावी लागली, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

हंगामाचं सांगायला हवं. जमिनीचं काम मी मार्गशीर्ष-पौषात घेतो. पावसाळ्यात फळी फुगलेली असते, वैशाखात आकसलेली. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. कोकणातल्या हवेत फूटभर रुंदीची सागाची फळी वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर करते, फणसाची याहून जास्त. लोक नेमकं मे महिन्यात मिस्त्री बोलावतात, कारण मुलं सुट्टीला आलेली असतात, आणि फटी दिसतात म्हणून त्या लांबीने किंवा भुसा-फेव्हिकॉलने भरून घेतात. जुलैत फळीला पसरायला जागा नसते. मग ती मधून वर येते, खिळे उपटते. फट ही फळीची गरज आहे. मी फूटभर फळीला अर्धा-पाऊण सूत मोकळं ठेवतो. धूळ खाली पडू नये म्हणून फटीच्या खाली, दोन कड्यांच्या मध्ये, सागाची पातळ झाकपट्टी लावतो. पण ती एकाच फळीला ठोकायची. दोन्ही फळ्यांना ठोकली की दोघी बांधल्या जातात आणि एक तरी तडकते. स्क्रूचंही तसंच. एका कडेचं भोक घट्ट, दुसऱ्या कडेचं थोडं लांबट, म्हणजे फळी सरकू शकते. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू टिकत नाहीत. पितळी महाग पडतात, तरी तेच घालायचे.

आंब्याच्या आणि प्लायच्या जागी घालायला लाकूड हवं होतं. जुन्या जमिनीत नवं, कच्चं लाकूड घातलं की ते आपली वाकायची हौस पुढची दोन-तीन वर्षं भागवत राहतं. म्हणून मी आधी त्याच घरात शोधतो. गोठ्याच्या माळ्यावर सागाच्या तीन फळ्या निघाल्या, वर काथ्याची सुंभं आणि फुटकी मडकी. रंधा मारल्यावर आतून तोच साग. जिन्याच्या तोंडाशी त्या गेल्या, कारण तिथे सगळ्यात जास्त पाय पडतात. खिडकीकडच्या फणसाला मी हात लावला नाही. तो तिथे बसलेला होता, चांगला होता, आणि त्या घरचा होता.

मुलाचं म्हणणं होतं, सगळ्याला एक रंग मारा म्हणजे ठिगळं दिसणार नाहीत. मी नको म्हटलं, आणि कारण सांगितलं. ताज्या रंध्याखालचा साग आधी पिवळट, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, उजेडात हळूहळू एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. फणस हळदीसारखा पिवळा असतो आणि वर्षांनी गडद होत जातो. आज डाय घालून रंग जुळवला, तर खालचं लाकूड आपल्या गतीने बदलत राहतं आणि दोन वर्षांनी तीच फळी उठून दिसते, यावेळी कायमची. नुसतं जवसाचं तेल फडक्याने चोळलं, वाळू दिलं, पुन्हा चोळलं. खालच्या अंगाला आणि कड्यांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. होड्यांना लावतात तेच. ते कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे घालूनच लावायचं, आणि जिथे माणूस बसतो-झोपतो तिथे लावायचं नाही. वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही.

काम झाल्यावर मुलगा आला, माडीवर फिरला आणि म्हणाला, फळ्या तर तशाच वेगवेगळ्या दिसतात. दिसतातच. साग साग दिसतो, फणस फणस दिसतो. पण कुठे अंगठा अडत नाही, खाट डुगडुगत नाही, फळी वाजत नाही. पाहुणे तिथे आता राहतात, आणि काकू सांगतात की खिडकीकडच्या पिवळ्या फळ्या कसल्या, हे बरेच जण विचारतात.

अशा जमिनीसाठी लागणारं लाकूड पुन्हा मिळणं अवघड आहे. साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडं आपल्या जमिनीतली असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परवानगी मिळालीच तरी फूटभर रुंद, बिनगाठीची फळी देईल एवढं जुनं झाड आता कोणाच्या परसात उभं आहे? जे आहे ते माड्यांवर आहे. आणि तेच रोज उचललं जातंय. गावोगाव फिरणारे व्यापारी सबंध माडीची जमीन काढून नेतात, वर फरशी घालून देतो म्हणतात. त्या सागाचं शहरात टेबल होतं, आणि फरशीच्या ओझ्याखाली ऐनाच्या कड्या वाकतात.

तुमच्या घरी अशी माडी असेल तर दिवाळीनंतर एकदा बॅटरी घेऊन माजघरात उभे राहा आणि फळ्यांची खालची बाजू बघा. दुरुस्ती करायची असेल तर मे महिन्यात करू नका, आणि फळी काढायच्या आधी तिच्यावर नंबर घाला. मिस्त्री आला की त्यालाही आधी माजघरात उभा करा. तो वर न बघता फुटाचा दर सांगायला लागला, तर दुसरा मिस्त्री शोधा.